२५६ जीबीच्या लॅपटॉपवर लग्नाचं मिक्सिंग : डिस्क न भरता एडिटिंग कसं करायचं

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे ऑर्डरी सुरू होतात. जालना असो, परभणी असो की अंबाजोगाई, शूटिंग आणि मिक्सिंग एकट्यानेच करणाऱ्या पोरांकडे बहुतेक एकच लॅपटॉप असतो : २५६ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, बऱ्याचदा सेकंडहँड घेतलेला. दोन लग्नांचा डेटा पडला की ‘धिस पीसी’मध्ये सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल होते. मग सॉफ्टवेअर मधेच बंद पडतं, रेंडर (तयार फिल्मची फाइल बनवणं) शेवटच्या टप्प्यात थांबतो आणि तिकडे पार्टीचे, म्हणजे लग्नघरच्या गिऱ्हाइकाचे, फोन चालूच असतात.

अशा वेळी नवा लॅपटॉप बघायला निघू नका. एडिटिंगचं सॉफ्टवेअर स्वतः काही जीबीच घेतं. डिस्क भरते ती त्याने न विचारता बनवलेल्या फाइलींनी. कॅशे (काम पटकन व्हावं म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाइली), प्रिव्ह्यू (आधी बघण्यासाठी बनवलेले तुकडे), आवाजाच्या वेव्हफॉर्मच्या (आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या) फाइली, ऑटोसेव्ह हे सगळं आपण काही बदललं नाही तर सी ड्राइव्हवर साचत राहतं. कोणती फाइल कुठे राहील आणि किती वाढेल हे तुम्ही ठरवलं, तर याच लॅपटॉपवर तीन तासांचं लग्न निघतं. पुढची सगळी मांडणी विंडोजच्या मशीनसाठी आहे.

पहिलं काम : हिशोब

शूटला जाण्याआधी किती डेटा येणार हे कागदावर काढता येतं. कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंगचा बिटरेट एमबीपीएसमध्ये दिलेला असतो, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. त्याला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. १०० एमबीपीएसचं ४के फुटेज तासाला ४५ जीबी, ५० एमबीपीएसचं साडेबावीस जीबी, २४ एमबीपीएसचं एव्हीसीएचडी (हँडीकॅममध्ये चालणारा एचडी फॉरमॅट) १०.८ जीबी. आयफोन वापरत असाल तर त्याच्या कॅमेरा सेटिंगमध्येच आकडे दिलेले असतात : हाय एफिशियन्सी फॉरमॅटमध्ये १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० एमबी आणि ४के ६० फ्रेमला ४०० एमबी.

आता एक साधं लग्न धरा. हळद आणि लग्न मिळून दोन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले आणि दोन्ही ५० एमबीपीएसवर होते, तर १८० जीबी झाले. तुमची २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते (कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने), त्यातले निम्म्याच्या आसपास विंडोज, सॉफ्टवेअर आणि घरच्या फाइलींत गेलेले असतात. म्हणजे हे लग्न लॅपटॉपमध्ये मावणारच नाही, आणि हे शूटच्या आदल्या दिवशीच कळलं पाहिजे. तेच दोन्ही कॅमेरे ४के, १०० एमबीपीएसवर चालवले तर आकडा ३६० जीबी होतो. त्याउलट सप्ताहातलं दोन तासांचं कीर्तन २४ एमबीपीएसवर २१.६ जीबीतच बसतं, त्याला फार तयारी लागत नाही.

म्हणून जागा वाचवायला सुरुवात कॅमेऱ्यापासून करायची. मंगलाष्टकं, आहेर, जेवणाच्या पंगती, पाहुण्यांच्या गर्दीचा ट्रॅडिशनल भाग १०८०पीवर घ्या. तो पार्टी घरच्या टीव्हीवर बघते आणि तिथे फरक जाणवत नाही. ४के फक्त हायलाइटच्या शॉटसाठी ठेवा, जिथे पुढे क्रॉप किंवा झूम करायचं असतं. सगळंच ४केमध्ये घेण्याचा आग्रह मला पटत नाही. त्याने काम वाढतं आणि पार्टी त्याचे जास्तीचे पैसे देत नाही.

सी ड्राइव्ह मोकळा करणं

सेटिंग्ज > सिस्टिम > स्टोरेज उघडा. कशाने किती जागा घेतली ते तिथे दिसतं. त्यातल्या ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये जाऊन जुन्या अपडेटच्या फाइली, थंबनेल, रिसायकल बिन आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ असेल तर ते काढून टाका. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’चाही चौकोन असतो, त्यावर टिक करण्याआधी ते फोल्डर उघडून बघा. पार्टीने पाठवलेली पत्रिका, गाणी, फोटो अनेकदा तिथेच पडलेले असतात.

एवढ्याने भागलं नाही तर विझट्री नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या. काही सेकंदांत डिस्कवरचं सगळ्यात मोठं फोल्डर आणि फाइल वर आणून दाखवतं. व्हॉट्सॲपच्या डेस्कटॉप ॲपमध्ये उतरलेले व्हिडिओ आणि दोन वर्षांपूर्वीच्या कामाची कॅशे अशा जागा पहिल्यांदा तिथेच दिसतात.

हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा घेते आणि ती बंद करा असा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. ८ जीबी रॅमवर त्यातून तीनेक जीबी सुटतील. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी संपत आली की उघडं काम डिस्कवर उतरवून मशीन झोपवायचं काम हायबरनेशनच करतं. ते राहू द्या.

वनड्राइव्हकडे मात्र लक्ष द्या. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं बऱ्याचदा वनड्राइव्हला जोडलेली असतात. प्रीमिअर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर आपले प्रोजेक्ट आणि ऑटोसेव्ह डॉक्युमेंट्समध्ये टाकतं, म्हणजे दर काही मिनिटांनी ते अपलोड होऊ लागतं. डेटा पॅकही जातो, मशीनही मंदावतं. प्रोजेक्ट तिथे ठेवूच नका.

सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी कायम मोकळे हवेत. रॅम कमी पडली की विंडोज तिची उणीव पेज फाइलने भरून काढतं, आणि ती फाइल सी वरच वाढते. ८ जीबी रॅमवर ४के टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) उघडली की हे हमखास होतं. जागा नसेल तर सॉफ्टवेअर काही न सांगता बंद पडतं आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेगही खाली येतो.

बाहेरची डिस्क : कोणती, कशी

पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा.

फुटेज ठेवायला १ किंवा २ टीबीची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क पुरते. यूएसबी ३ पोर्टवर ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, आणि ५० एमबीपीएसच्या एका क्लिपला लागतात सव्वासहा एमबी. मग दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (दोन्हींचं चित्र एकाच वेळी चालवून निवडणं) लावल्यावर ती अडखळते कशी? हार्ड डिस्कचं हेड एकाच वेळी दोन ठिकाणी वाचू शकत नाही. दोन कॅमेरे, वर गाणं आणि कॅशे, अशा चार फाइलींमध्ये ते सारखं धावत राहतं. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने तिला हा त्रास नाही. म्हणून मोठं आणि संथ चालणारं काम, म्हणजे मूळ फुटेज आणि तयार फिल्म, हार्ड डिस्कवर ठेवायचं आणि छोटं, घाईचं काम, म्हणजे कॅशे आणि प्रॉक्सी (कटिंगपुरत्या बनवलेल्या फुटेजच्या हलक्या प्रती), एसएसडीवर. ५०० जीबीची बाहेरची एसएसडी घेता आली तर उत्तम. नसेल तर लॅपटॉपची आतली एसएसडी याच कामाला लावा.

पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावरून थेट एडिट करू नका. वाचायला बरे वाटले तरी लिहिताना ते फार मंद होतात, आणि कार्ड अचानक निघालं तर मूळ शूटच धोक्यात येतं.

डिस्क कोणत्या पोर्टला लावता तेही बघा. आतून निळी पट्टी किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असलेला पोर्ट यूएसबी ३ चा. खात्री करायची तर चार-पाच जीबीची एक फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ३०-४० एमबीवरच अडकला, तर तुम्ही यूएसबी २ वर आहात, नाहीतर केबल जुनी आहे. डिस्क तीच, केबल बदलली आणि काम तिप्पट वेगाने झालं, असं होतं.

डिस्क एनटीएफएसमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत) फॉरमॅट केलेली ठेवा. बाजारातून आलेली डिस्क कधी एक्सफॅटमध्ये असते. एक्सफॅट मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते, पण त्यात जर्नल नसतो. एनटीएफएस प्रत्येक बदलाची आधी नोंद करून ठेवते, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली किंवा केबल निघाली तर फोल्डरांचा सांगाडा वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. दिवसातून तीनदा लाईट जाणाऱ्या गावात ही छोटी गोष्ट राहत नाही. याच कारणासाठी अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी डिस्क घ्या. स्वतंत्र ॲडॉप्टर लागणारी मोठी डिस्क लाईट गेल्याबरोबर बंद पडते, छोटी लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहते.

मग तिला कायमचं अक्षर द्या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक > डिस्क मॅनेजमेंट, डिस्कवर राइट क्लिक > चेंज ड्राइव्ह लेटर. तिथे ‘व्ही’सारखं शेवटाकडचं अक्षर निवडा. हे केलं नाही तर आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह आधी लागल्यामुळे ‘एफ’ होते, आणि उघडल्यावर अख्खी टाइमलाइन लाल : मीडिया ऑफलाइन, म्हणजे सॉफ्टवेअरला फाइली सापडत नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा असं लिहिलेलं असतं. डिस्क गादीवर किंवा लॅपटॉपची गरम हवा निघते त्या बाजूला ठेवू नका. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तर मुळीच नाही. लांब रेंडर रात्री टाका.

डेटा उतरवताना

प्रत्येक कामाचं एक फोल्डर करा : तारीख, गाव, आडनाव. आत पाच फोल्डर : फुटेज, ऑडिओ, प्रोजेक्ट, प्रॉक्सी, एक्सपोर्ट. फुटेजमध्ये प्रत्येक कार्डाचं वेगळं, ‘कॅम ए कार्ड १’ अशा नावाचं. नावं इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा, जुनी प्लगइन देवनागरी नावांवर कधी कधी अडखळतात.

कार्डातून फक्त व्हिडिओच्या फाइली उचलून आणू नका, कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ वगैरे सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. एव्हीसीएचडी कॅमेरे लांब रेकॉर्डिंग २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत मोडतात आणि ते तुकडे नीट जोडायची माहिती त्याच फोल्डरांत असते. ती हरवली तर तासाभराच्या कीर्तनात जोडाजवळ आवाजाचा एक झटका ऐकू येतो.

कॉपी झाली की दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि आकार जुळवा. दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जागा कमी आहे म्हणून इथे काटकसर करणं म्हणजे कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाचा एकुलता एक पुरावा पणाला लावणं. ही काटकसर कोणीही करू नये.

क्लाउडचं विचाराल, तर एका गुगल खात्याला मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट मिळतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर ४५ जीबी चढायला सलग २० तास लागतात. डिस्क हाती देऊन एसटीने जिंतूरहून परभणीला पोचवणं त्याहून कितीतरी लवकर होतं.

सॉफ्टवेअरची सेटिंग

प्रीमिअर प्रो : एडिट > प्रेफरन्सेस > मीडिया कॅशे. इथे कॅशे फाइली आणि कॅशेचा डेटाबेस अशा दोन जागा दिसतील. बाहेरची एसएसडी असेल तर दोन्ही तिकडे वळवा. नसेल तर सी वरच राहू द्या, पण तिला कुंपण घाला. खाली कॅशे मॅनेजमेंटमध्ये ठरावीक दिवसांनंतर किंवा ठरावीक जीबी ओलांडल्यावर जुन्या फाइली आपोआप काढायचा पर्याय आहे. २० जीबीची मर्यादा लावा. त्याच पानावर कॅशे फाइली मूळ मीडियाच्या शेजारी ठेवण्याचा चौकोन असतो, तो रिकामा ठेवा, नाहीतर फुटेजच्या फोल्डरांत कचरा पसरतो. लांब आवाजासाठी प्रीमिअर वेगळ्या ऑडिओ फाइली बनवतं, त्यामुळे कीर्तनासारख्या कामात कॅशे अपेक्षेपेक्षा लवकर फुगते.

प्रिव्ह्यू फाइलींचं खातं वेगळं आहे. फाइल > प्रोजेक्ट सेटिंग्ज > स्क्रॅच डिस्क्स इथे त्यांची जागा ठरते, आणि हे प्रत्येक प्रोजेक्टला पुन्हा बघावं लागतं. टाइमलाइन आधीच रेंडर करून हिरवी करायची सवय असेल, तर काम संपल्यावर सीक्वेन्स मेनूतून डिलीट रेंडर फाइल्स करायची सवयही लावून घ्या. आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर त्याची डिस्क कॅशे पुन्हा वेगळी, त्याच्याच प्रेफरन्सेसमध्ये.

डाविंची रिझॉल्व्ह : फुकट आवृत्तीही दमदार आहे, पण जागेच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष यालाच लागतं. प्रेफरन्सेस > सिस्टिम > मीडिया स्टोरेज या यादीत सर्वांत वर जे फोल्डर असेल ते स्क्रॅच डिस्क. कॅशे आणि गॅलरीच्या स्टिल्स तिथेच जातात. एसएसडीवरचं फोल्डर यादीत घालून सर्वांत वर न्या आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. जुन्या प्रोजेक्टांत आधीचीच जागा राहते. ती प्रोजेक्ट सेटिंग्ज > मास्टर सेटिंग्ज > वर्किंग फोल्डर्समध्ये हाताने बदलावी लागते. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

मग प्लेबॅक > रेंडर कॅशे. ते ‘स्मार्ट’वर असेल तर रिझॉल्व्ह तुम्ही चहाला गेलात तरी मागे कॅशे बनवत बसतं. त्याला प्रीमिअरसारखी जीबीची मर्यादा लावता येत नाही. म्हणून ‘यूजर’वर ठेवा, म्हणजे तुम्ही सांगाल त्याच क्लिपची कॅशे बनेल. कॅशेचा फॉरमॅटही तपासा. डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स हा जड फॉरमॅट असेल तर १०८०पी, २५ फ्रेमला ती सेकंदाला साधारण २२ एमबी लिहिते, म्हणजे तासाच्या टाइमलाइनला ८० जीबीच्या आसपास. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये तो डीएनएक्सएचआर एलबी हा हलका फॉरमॅट केला तर तेच काम १६-१७ जीबीत होतं. ही कॅशे फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असते. रेंडरच्या वेळी ती वापरायचा चौकोन रिकामा ठेवला तर तयार फिल्म मूळ फुटेजवरूनच निघते. काम संपलं की प्लेबॅक > डिलीट रेंडर कॅशे > ऑल.

एडिअस : आपल्याकडच्या मिक्सिंग लॅबमध्ये अजून हेच जास्त चालतं. प्रोजेक्ट बनवताना तो सी वर न ठेवता कामाच्या फोल्डरात ठेवा, कारण त्याच्या रेंडर केलेल्या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरातच पडतात. रेंडर मेनूत तात्पुरत्या रेंडर फाइली काढायचा पर्याय आहे, अधूनमधून तो वापरा. सगळं फुटेज आधी एचक्यू एव्हीआयमध्ये कन्व्हर्ट करण्याची जुनी पद्धत मात्र जागा कमी असलेल्याने सोडावी. त्या फाइली मूळ फुटेजच्या कित्येक पट होतात.

लॅपटॉप फारच जुना किंवा १२८ जीबीचा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही मोफत, दोन्ही ओपन सोर्स, दोन्हींत प्रॉक्सी आहे. शॉटकटची पोर्टेबल आवृत्ती तर बाहेरच्या डिस्कवरूनही चालते. मोठी सॉफ्टवेअर बाहेरच्या डिस्कवर टाकायच्या भानगडीत पडू नका. त्यांचा बराच भाग तरीही सी वरच येतो, आणि वाचलेल्या दोन-चार जीबींसाठी उघडण्याचा वेग जातो.

प्रॉक्सी, पण घाई नको

प्लेबॅक अडखळला की लगेच प्रॉक्सी बनवायला बसू नका. आधी जागा न खाणारा उपाय करून बघा : प्रीमिअरमध्ये मॉनिटरखाली प्लेबॅक रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक > टाइमलाइन प्लेबॅक रिझोल्यूशन (जुन्या आवृत्तीत टाइमलाइन प्रॉक्सी रिझोल्यूशन). एकही फाइल न बनता काम हलकं होतं. बऱ्याच १०८०पी लग्नांना एवढं पुरतं.

४के किंवा फोनचं एचईव्हीसी (म्हणजे वर सांगितलेल्या हाय एफिशियन्सी फॉरमॅटचं) फुटेज असेल तर मात्र प्रॉक्सी लागतेच. इथे फॉरमॅटची निवड महत्त्वाची. १०८०पीची प्रोरेस प्रॉक्सी सोपी चालते, पण तासाला १७ जीबी घेते. ५४०पीची एच.२६४, ५ एमबीपीएसची प्रॉक्सी घेतली तर तासाला सव्वादोन जीबी. प्रोसेसरला तिचं काम थोडं जास्त पडतं, पण इतकं लहान चित्र जुन्या आय-फाइव्ह प्रोसेसरलाही झेपतं. जागा हीच अडचण असल्याने मी दुसरीच सुचवेन. वरच्या ४के लग्नाच्या, दोन कॅमेऱ्यांच्या मिळून आठ तासांच्या फुटेजचे ३६० जीबी हार्ड डिस्कवर आणि १८ जीबी लॅपटॉपवर, असा तो हिशोब होतो.

प्रीमिअरमध्ये क्लिप निवडून राइट क्लिक > प्रॉक्सी > क्रिएट प्रॉक्सीज. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये राइट क्लिक > जनरेट प्रॉक्सी मीडिया. फॉरमॅट आणि आकार आधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ठरवून घ्या. रात्री लावून झोपा. सकाळी हार्ड डिस्क काढून ठेवली तरी नुसत्या प्रॉक्सीवर कटिंग होतं. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी प्रॉक्सी हँडलिंग ‘प्रिफर प्रॉक्सीज’वर ठेवा. प्रीमिअर उघडताना फाइली शोधेल, तेव्हा ऑफलाइन म्हणून पुढे जा. कलर करताना आणि रेंडरला मूळ डिस्क लावायलाच हवी. रेंडरच्या खिडकीत ‘यूज प्रॉक्सी’ असा चौकोन असेल तर तो रिकामा आहे ना, हे प्रत्येक वेळी बघा.

कापण्याआधी छाटणी

सप्ताहाच्या शूटमध्ये कीर्तनाआधीचा अर्धा तास माइकची खटपट आणि मंडपातली ये-जा असते. लॉसलेसकट या मोफत सॉफ्टवेअरने असा भाग फुटेज पुन्हा एन्कोड न करता कापून टाकता येतो. मिनिटाभरात होतं आणि दर्जा जातच नाही. ते कीफ्रेमवर (फाइलीत ठरावीक अंतराने येणाऱ्या पूर्ण चित्रावर) कापतं, म्हणून कापाच्या अलीकडे-पलीकडे काही सेकंद सोडा. छाटलेली फाइल शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय मूळ फाइल काढू नका. लग्नात ही छाटणी बेताने करा, कारण पार्टीला नेमका कोणता पाहुणा हवा असेल ते आपल्याला कळत नाही.

रेंडर आणि पेनड्राइव्ह

एक्सपोर्ट थेट बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तयार फाइलीच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा. चित्र आणि आवाज वेगवेगळे बनवून शेवटी जोडताना तात्पुरत्या फाइली पडतात, शेवटच्या टप्प्यात रेंडर मोडण्याचं हे एक मोठं कारण.

बिटरेट उगाच वाढवू नका. यूट्यूबची शिफारस १०८०पी, २५-३० फ्रेमला ८ एमबीपीएस, ५०-६० फ्रेमला १२, आणि ४के ३० फ्रेमला ३५ ते ४५. दोन तासांचं कीर्तन ८ वर ७.२ जीबी होतं. पार्टीला द्यायच्या फिल्मला १५ ठेवा : तीन तासांचे साधारण २० जीबी, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसतात.

बसतात, पण एका फाइलीत नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये येतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही. मग कोणी तो एनटीएफएस करून देतं, आणि दोन दिवसांनी फोन येतो : “दादा, कॅसेट टीव्हीला लागंना.” गावाकडच्या बऱ्याच टीव्हींना फॅट३२ शिवाय दुसरं वाचता येत नाही. म्हणून फिल्मचेच भाग करा. १५ एमबीपीएसवर ३५ मिनिटांचा भाग ४ जीबीच्या आत राहतो. हळद, वरात, मंगलाष्टकं, आहेर, पाठवणी असे भाग केले तर घरच्यांनाही हवं ते पटकन लावता येतं.

डिलिव्हरीनंतर

पार्टीने फिल्म बघून होकार दिला की त्याच दिवशी कॅशे, प्रिव्ह्यू आणि प्रॉक्सी काढून टाका. या तिन्ही पुन्हा बनवता येतात. प्रोजेक्ट फाइल, गाणी, टायटल आणि तयार फिल्म ठेवा. ती सगळी मिळून फार जागा घेत नाहीत, आणि वर्षभराने कोणी आणखी एक प्रत मागितली तर लागतात.

मूळ फुटेजचं काय करायचं हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्या : डेटा किती महिने सांभाळणार, आणि त्यांना सगळा डेटा हवा असेल तर डिस्क त्यांची. ऑर्डरच्या पावतीवर ते लिहून द्या. मधला मार्ग हवा असेल तर प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये किंवा रिझॉल्व्हच्या फाइल > मीडिया मॅनेजमेंटमध्ये टाइमलाइनमध्ये वापरलेला भागच, पुढे-मागे काही फ्रेम जास्तीच्या ठेवून, वेगळा काढता येतो. प्रीमिअरमध्ये त्यासाठी ‘कन्सॉलिडेट’चा पर्याय घ्या, ‘कलेक्ट फाइल्स’ने पूर्ण क्लिपच कॉपी होतात आणि काहीच वाचत नाही. झालेलं फोल्डर नव्याने उघडून सगळ्या क्लिप चालतात का बघा, मगच मूळ फुटेजला हात लावा.

डिस्कवर स्टिकर लावा आणि एका वहीत लिहून ठेवा : डिस्क क्रमांक, तारीख, गाव, आडनाव, डेटा कोणत्या महिन्यापर्यंत ठेवायचा. पुढच्या सराईआधी वही उघडली की कोणत्या डिस्कवरून काय काढायचं ते डिस्क न लावताच समजतं.